भावाच्या हृदयातला जाड झालेला पडदा : शस्त्रक्रिया, अल्कोहोल की नुसत्या गोळ्या?

रावपुऱ्याची_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही बडोद्याचे. धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, कसलंही व्यसन नाही. नवरात्रात गरबा खेळून बाहेर आला, पाण्याची बाटली हातात घेतली आणि उभ्या उभ्याच कोसळला. मिनिटभरात शुद्धीवर आला. जवळच्या दवाखान्यात ईसीजी बघून हार्ट अटॅक म्हणाले, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली. त्यानंतर तो अजूनच पांढरा पडला, बीपी उतरलं. मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी झाली, तर सगळ्या रक्तवाहिन्या स्वच्छ. एको केला तेव्हा खरं निदान झालं : हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपॅथी (एचओसीएम), म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडणं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा २१ मिलिमीटर, मायट्रल झडप गळते आहे. ग्रेडिएंट आडवं पडून ४४, आणि श्वास रोखून जोर लावायला सांगितल्यावर ९६.

मेटोप्रोलॉल चालू आहे, डोसही वाढवून झाला. तरी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागतो, जेवणानंतर तर जास्तच. एक हृदयतज्ज्ञ म्हणतात मायेक्टॉमी करा, म्हणजे छाती उघडून पडद्याचा जाड भाग कापून काढा. दुसरे म्हणतात अल्कोहोल अ‍ॅब्लेशन करा, नळीतून अल्कोहोल सोडून तो भाग मारतात, छाती उघडायला नको. आई म्हणते, गोळ्यांवर चाललंय ना, मग धडधाकट पोराची छाती कशाला फाडायची? वहिनी काही बोलत नाही. भाचा सहा वर्षांचा आहे.

ज्यांनी यातून कुणाला नेलं आहे त्यांनी कृपया लिहा. दवाखाना निवडताना काय विचारायचं तेही सांगा.

कारेलीबागवाला

ताई, काळजी वाटणं साहजिक आहे. पण एक कळलं नाही. अँजिओग्राफी स्वच्छ, म्हणजे ब्लॉकेज नाही. मग अडतंय कुठे?

खंडेराव

ताई, सगळं नीट होईल. मला तर त्या दुसऱ्या डॉक्टरांचं वाचूनच धक्का बसला. गुजरातेत दारूबंदी, आणि हे थेट काळजात दारू सोडणार?

रावपुऱ्याची_ताई

खंडेराव, आई अगदी हेच म्हणाली! घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसलो.

हृदयस्थ

मी भूलतज्ज्ञ आहे, शिक्षण बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात झालं, आणि नोकरीचा बहुतेक काळ हृदयशस्त्रक्रियांच्या थिएटरमध्ये गेला. पेशंट न तपासता सल्ला देणार नाही, पण आजार समजावून सांगू शकतो.

कारेलीबागवाला, अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या. इथे त्यांचा संबंध नाही. इथे अडचण आहे हृदयातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवर, महाधमनीच्या झडपेच्या जरा खाली. डाव्या कप्प्याचा पडदा वरच्या भागात फुगून त्या वाटेत येतो. वाट अरुंद झाली की रक्त तिथून जोरात जातं, आणि त्या जोराने मायट्रल झडपेचं पुढचं पान वाटेत ओढलं जातं. दुपारच्या वाऱ्याच्या झोताने उघडं दार आपसूक ओढलं जाऊन आपटतं ना, तसं. म्हणजे पडदा वाट अर्धी अडवतो आणि उरलेली झडपेचं पान अडवतं. ते पान जागेवरून हललं म्हणून झडप गळतेही. ताईंनी लिहिलेली गळती बहुधा यातलीच. पडदा नीट कापला की बहुतेकांत ती आपोआप कमी होते.

ग्रेडिएंट म्हणजे अडथळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. ३० च्या वर असला की अडथळा आहे म्हणतात. ५० च्या वर गेला, आणि औषधं देऊनही त्रास राहिला, की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. हा ५० आकडा स्वस्थ पडून यावाच लागतो असं नाही, जोर लावल्यावर किंवा व्यायामात आला तरी तो धरतात. म्हणून आडवं पडून ४४ पाहून 'अजून वेळ आहे' म्हणू नका, ९६ हा आकडा खराच आहे.

हा अडथळा दिवसभर एकसारखा नसतो. शरीरात पाणी कमी पडलं, माणूस एकदम उभा राहिला, भरपेट जेवला किंवा रक्तवाहिन्या सैलावणारं औषध घेतलं, की हृदयाचा कप्पा कमी भरतो, वाट आणखी आवळते आणि ग्रेडिएंट चढतो. गरबा थांबवल्या थांबवल्या भाऊ पडला, त्याचं कारण हेच. पायांच्या स्नायूंची हालचाल थांबते, रक्त खाली साचतं, घामाने पाणी गेलेलं असतं, आणि हृदय मात्र अजून जोरात आवळत असतं.

आता सॉर्बिट्रेट. ज्याला रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज आहे त्याला ती उपयोगी पडते, पण या आजारात ती धोक्याची आहे. वाहिन्या सैल होऊन अडथळा वाढतो. हा आजार निदान झालेल्या प्रत्येकाने पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी : मला एचओसीएम आहे, नायट्रेट (सॉर्बिट्रेटसारखी औषधं) देऊ नये. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधंही हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दम_धरा

हृदयस्थ, पाकिटातल्या चिठ्ठीला शंभरदा अनुमोदन. मी ती गाडीच्या कागदांतही ठेवतो.

ताई, माझी मायेक्टॉमी चाळिशीत झाली, अहमदाबादला. तुमच्या भावाची गोष्ट वाचताना मी माझीच वाचत होतो, फक्त मी गरब्याऐवजी पावागडावर पडलो. माचीपासून पायऱ्या चढलो, वर टेकलो, बसून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. आधीची कित्येक वर्षं लोक 'वजन कमी कर, स्टॅमिना नाही' म्हणायचे. मलाही ते पटायचं.

ऑपरेशन कसं होतं ते सांगतो, कारण माहीत नसलं की भीती वाढते. छातीचं मधलं हाड उभं कापतात. हृदय-फुफ्फुस यंत्रावर घेतात, हृदय थांबवतात. महाधमनीत छेद देऊन, महाधमनीच्या झडपेची पानं हळूच बाजूला धरून, त्यातूनच खाली पडद्यापर्यंत पोचतात. म्हणजे हृदयाची बाहेरची भिंत फाडत नाहीत. मला आधी तेच वाटलं होतं. मग जाडावलेल्या पडद्याचा लांबट तुकडा कापून काढतात. माझ्या सर्जननी नंतर बाटलीतला तुकडा दाखवला. बोटाच्या पेराएवढा, फिकट गुलाबी, कडा दातेरी. एवढ्याशा मांसाने मला इतकी वर्षं जिन्यावर थांबवलं होतं! तो पुढे तपासणीला पॅथॉलॉजीत गेला.

शुद्धीवर आल्यावर घशात नळी, छातीतून दोन ड्रेन, आणि तहान अशी की विचारू नका. पहिला आठवडा वाईट जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. ते तीन बॉलचं यंत्र श्वासाने ओढायचं, पहिल्या दिवशी एकही बॉल हलत नाही आणि रडू येतं. पाठीवरच झोपायचं, याचा मला टाक्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

पण वॉर्डात पहिल्यांदा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून परत आलो तेव्हा छातीवर तो ओळखीचा दाब नव्हता. दुखत होतं ते हाड, आतला गुदमर गेलेला होता. त्यानंतर आजतागायत आला नाही.

गोळीबंद

दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. मलाही हाच आजार आहे, आणि मी गोळ्यांवर उत्तम आहे. आधी बीटा ब्लॉकर (भावाच्या मेटोप्रोलॉलसारखी गोळी), मग व्हेरापामिल, आता बीटा ब्लॉकरसोबत डायसोपिरामाइड. तोंड कोरडं पडतं, लघवीला जरा वेळ लागतो, पण ग्रेडिएंट खाली आला, आणि मी सूरसागरच्या फेऱ्या आरामात मारतो. माणसं घाबरून लगेच सुरीखाली जातात, ते मला पटत नाही. भावाचं वय ३६, आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळी औषधं करून पाहिली का?

रावपुऱ्याची_ताई

गोळीबंदजी, फक्त मेटोप्रोलॉल झालंय. डायसोपिरामाइडचं नाव कुणी घेतलं नाही. विचारते.

हृदयस्थ

गोळीबंद यांचा मुद्दा रास्त आहे. आधी औषधं पूर्ण ताकदीने करून बघावीत, पद्धतही तीच आहे. त्रास नसलेल्या माणसाची केवळ आकडा मोठा म्हणून छाती उघडत नाहीत. पण तुम्ही सूरसागरच्या फेऱ्या मारता आणि ताईंचा भाऊ शुद्ध हरपून पडला, डोस वाढवूनही दोन मजले चढेना. हा फरक मोठा आहे.

नवी औषधंही आली आहेत. मॅवाकॅम्टेन हे स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनावर थेट काम करणारं औषध, अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. हृदयाचं अति आवळणं ते कमी करतं, ग्रेडिएंट उतरतो. मात्र आवळणं गरजेपेक्षा कमीही होऊ शकतं, म्हणून ठरावीक काळाने एको करत राहावं लागतं. शस्त्रक्रिया टाळायची असेल किंवा झेपणार नसेल त्यांनी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलावं.

दांडिया_बाजार

माझे सासरे आयुर्वेदिक अर्जुनसाल घेत होते, त्यांचा हृदयाचा त्रास बराच कमी झाला. भावाला द्यायला काय हरकत आहे? सोबत एकादशीचा कडक उपास, शरीर हलकं राहतं.

हृदयस्थ

ताई, सासऱ्यांना आराम पडला याचा आनंद आहे. पण त्यांचा आजार कोणता होता? या आजारात स्नायूची घडणच जनुकातून बिघडलेली असते, सालीने तो पातळ होत नाही. आणि निर्जळी उपास अजिबात नको. बडोद्याच्या मे महिन्यात तर मुळीच नको. या पेशंटना उलट आम्ही सांगतो : उन्हातून आलात की पाणी प्या, एका वेळी थोडं जेवा, कढत पाण्याने लांबलचक आंघोळ करू नका.

आजोबा_बडोदेकर

माझीही छाती न उघडता झाली. मांडीतून नळी घालून महाधमनीची नवी झडप बसवली, तिसऱ्या दिवशी घरी चहा पीत होतो. भाऊसाहेबांचंही तसंच करता येईल की. उगाच मोठं ऑपरेशन कशाला?

परिचारिका_मांजलपूर

आजोबा, तुमची तब्येत अशीच राहो. पण तुमचा आजार वेगळा. तुमची महाधमनीची झडपच वयानुसार चुना साचून कडक झाली होती, म्हणून ती बदलली. ती पद्धत फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा केली. ताईंच्या भावाची ही झडप चांगली आहे, अडथळा तिच्या खाली, स्नायूत आहे. नवी झडप बसवून तो स्नायू हटणार नाही.

आजोबा_बडोदेकर

असं होय. समजलं, बाळ. रिपोर्टवर दोन्हीकडे 'अडथळा' लिहिलेलं असतं, म्हणून विचारलं.

इंदूरची_वहिनी

आमच्या ह्यांचं अल्कोहोल अ‍ॅब्लेशन झालंय, म्हणून लिहिते. वय ६८, मधुमेह, एक किडनी अर्धीच चालते. सर्जन स्वतःच म्हणाले की काका, छाती उघडण्याचा धोका तुम्हाला जास्त. मनगटातून आणि जांघेतून नळ्या घातल्या, पडद्याला रक्त देणारी बारीक शाखा शोधली आणि तिथे शुद्ध अल्कोहोल अगदी थोडं, हळूहळू सोडलं. त्या वेळी छातीत जबरदस्त दुखतं, कारण तिथला स्नायू मुद्दाम मारत असतात. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली.

नंतर त्यांना पेसमेकर लावावा लागला. डॉक्टरांनी तशी शक्यता आधीच सांगितली होती, म्हणून धक्का बसला नाही. आराम लगेच नाही पडला, जखम आकसत जाते तसतसा हळूहळू पडला. आता ह्यांचं भाजीबाजार, नातवंडं सगळं चालू आहे. पण आमच्या घरात कुणी ३६ चं असतं तर मीही आधी सर्जनलाच विचारलं असतं.

हृदयस्थ

वहिनींनी फार नेमकं लिहिलं आहे. ही पद्धत उलरिख सिगवर्ट यांनी लंडनमध्ये सुरू केली, १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अल्कोहोल एक ते तीन मिलिलिटर इतकंच लागतं. (खंडेराव, यासाठी परवाना काढावा लागत नाही!) दहातल्या साधारण एकाला कायमचा पेसमेकर लागतो. शिवाय ती शाखा योग्य जागी जात असेल तरच उपयोग, प्रत्येकाची शरीररचना वेगळी. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांना हा मार्ग चांगला. तरुण माणसात, पडदा खूप जाड असताना, झडपेतही काही दोष असेल तर शस्त्रक्रिया पुढे राहते, कारण सर्जन समोर बघून जेवढं हवं तेवढं कापू शकतो आणि झडपही त्याच वेळी दुरुस्त करू शकतो.

ईसीजीमधली एक बारीक गोष्टही विचारून घ्या. मायेक्टॉमीत हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या वाटेचा डावा फाटा बहुतेकदा तुटतो, तसा तो एकटा गेला तर त्रास होत नाही. पण उजवा फाटा आधीच बंद असेल तर दोन्ही जातात आणि पेसमेकर लागतो. अल्कोहोलचं याच्या उलट, त्यात उजवा फाटा जातो. भावाच्या ईसीजीवर कोणता फाटा कसा आहे, हे निर्णयाआधी बघितलं पाहिजे.

गोळीबंद

हे मला माझ्या डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं. माझा ईसीजी काढून बघतो.

खंडेराव

परवान्याचं मनापासून आवडलं. आता गंभीरपणे विचारतो, हे ऑपरेशन नवीन आहे का? इतक्या वर्षांत मी नाव ऐकलं नव्हतं.

दम_धरा

खंडेराव, अजिबात नवीन नाही. मी आजारी असताना याच्यावर बरंच वाचलं. १९५० च्या दशकात सर्जन झडपेचा अडथळा समजून हृदय उघडायचे, तर झडप चांगली आणि खाली स्नायू फुगलेला. लंडनच्या डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये तरुण मुलांच्या अशा हृदयांचं वर्णन छापलं, यातले बरेच अचानक गेले होते. मग अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँड्र्यू ग्लेन मॉरो यांनी पडदा कापायची शस्त्रक्रिया बसवली. आजही तिला मॉरोंचं नाव आहे. आणि याच मॉरोंना स्वतःला हाच आजार होता. १९८२ मध्ये ते गेले. मी हे दवाखान्यात पडल्या पडल्या वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ छताकडे बघत राहिलो. ज्याने शेकडोंची वाट मोकळी केली, त्याच्या स्वतःच्या छातीत तोच पडदा.

परिचारिका_मांजलपूर

दम_धरा, हे माहीत नव्हतं. वाचून गलबलून आलं.

कारेलीबागवाला

फुटबॉलवाले आठवत असतील. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो, २००३ मध्ये ल्योंच्या मैदानावर चालू सामन्यात पडला आणि गेला. नंतर हाच आजार निघाला. मी तो सामना टीव्हीवर पाहिला होता.

रावपुऱ्याची_ताई

हे वाचून पोटात गोळा आला. ऑपरेशन केलं की हा अचानक जाण्याचा धोका संपतो का?

हृदयस्थ

ताई, तो हिशेब वेगळा करावा लागतो. शस्त्रक्रियेने अडथळा जातो, दम आणि चक्कर जाते. मेयो क्लिनिकचा २००५ चा अभ्यास आहे, मायेक्टॉमी झालेल्या पेशंटचं पुढचं आयुष्यमान त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसांच्या जवळपास आलं. पण स्नायूतला मूळ दोष राहतो. अचानक मृत्यूचा धोका किती, हे वेगळं मोजतात : घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, विनाकारण शुद्ध गेली का, पडदा ३० मिलिमीटर किंवा जास्त आहे का, होल्टरवर (अंगाला लावून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) घातक ठोक्यांची माळ दिसते का, एमआरआयमध्ये व्रण किती. त्यावरून छातीत शॉक देणारं यंत्र, आयसीडी, बसवायचं का ते ठरतं. भाऊ पडला आहे, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. आणि घरातल्या जुन्या मृत्यूंची आठवण काढा.

रावपुऱ्याची_ताई

आमचे एक काका पंचविशीत विहिरीत पोहताना गेले. सगळे बुडाले म्हणायचे. पट्टीचे पोहणारे होते.

हृदयस्थ

हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. फार महत्त्वाचं आहे.

आणि भावाची सख्खी भावंडं, आईवडील, मुलगा, सगळ्यांचा ईसीजी आणि एको करा. तुमचाही, ताई. हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून, कुणाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो, म्हणजे समजतो तेवढा दुर्मीळ नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे : मायोसिन बांधणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं. २००९ च्या एका संशोधनात दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत ती आढळली. ती असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, पण घरात एकाला निघाला की बाकीच्यांनी तपासणी टाळू नये.

परिचारिका_मांजलपूर

ताई, तुम्ही विचारलं होतं दवाखाना कसा निवडायचा. मी हृदयाच्या आयसीयूत काम केलं आहे, त्यावरून सांगते. "तुमच्याकडे बायपास किती होतात" याने काही कळणार नाही. बायपास करणारा उत्तम हातही मायेक्टॉमीत नवखा असू शकतो. कमी कापलं तर अडथळा राहतो, जास्त खोल गेलं तर पडद्याला भोक पडतं, आणि चुकीच्या जागी कापलं तर हृदयाची वीज बंद. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा : तुम्ही स्वतः वर्षाला किती मायेक्टॉमी करता, त्यात किती गेले, किती जणांना पेसमेकर लागला, किती जणांची झडप बदलावी लागली? सराव असलेल्या मोठ्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असतं. जिथे क्वचित होते तिथे ते कितीतरी पटींनी वाढतं. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर वही मिटून उठा.

खर्चासाठी आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातेत कुटुंबामागे १० लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ही नेमकी शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते दवाखान्याच्या योजनेच्या खिडकीवर आधी लिहून घ्या. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातल्या यू. एन. मेहता या सरकारी हृदय संस्थेतही जाऊन मत घ्या, मत घ्यायला बंधन नाही.

हृदयस्थ

एक जोड देतो. थिएटरमध्ये अन्ननलिकेतून एको करणारा अनुभवी माणूस असतो का, तेही विचारा. आम्ही कापण्याआधी मोजतो, आणि हृदय पुन्हा सुरू झाल्यावर, यंत्रावरून उतरल्यावर परत मोजतो. औषधाने हृदयाला मुद्दाम जोरात आवळायला लावूनही बघतो. ग्रेडिएंट शिल्लक दिसला तर तिथल्या तिथे परत यंत्रावर घेऊन आणखी कापतात. छाती बंद करून वॉर्डात गेल्यावर कळण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

दांडिया_बाजार

हृदयस्थ, सासऱ्यांचे कागद काढले. त्यांना झडपेचा त्रास होता, हा आजार नव्हता. आणि एकादशीचं मी मागे घेते, ताईंच्या भावाला पाणी भरपूर द्या.

रावपुऱ्याची_ताई

मंडळी, पुष्कळ दिवसांनी येतेय.

आम्ही तीन ठिकाणी मतं घेतली. पहिल्या ठिकाणी सर्जननी आकडे सांगायचं टाळलं. दुसरीकडे डायसोपिरामाइड जोडून पाहिलं, ग्रेडिएंट जोर लावल्यावर ७० च्या आसपास आला, पण जिना चढणं तसंच राहिलं आणि कोरड्या तोंडाने भाऊ वैतागला. तिसऱ्या ठिकाणी सर्जननी परिचारिका ताईंचे सगळे प्रश्न शांतपणे ऐकले, स्वतःच्या वहीतून उत्तरं दिली, आणि आईला कागदावर चित्र काढून दाखवलं की कुठून जाणार आणि कुठलं मांस काढणार. आईने विचारलं, "म्हणजे याचं हृदय चिरणार नाही ना?" ते म्हणाले, "आजी, दारातून आत जाणार, भिंत फोडणार नाही." त्या रात्री आई शांत झोपली.

काकांचं ऐकून त्यांनी एमआरआय आणि होल्टर करून घेतला. आयसीडीही बसवायचं ठरलं, मायेक्टॉमीतून सावरल्यावर.

वहिनी इतके दिवस का गप्प होती ते त्या दिवशी कळलं. तिला फक्त मुलाची भीती होती. त्याचा एको झाला, आत्ता स्वच्छ आहे. माझाही स्वच्छ. आईचा पडदा १४ निघाला. तिला काहीच त्रास नाही, पण आजार बहुधा तिच्याकडून आला आहे, आणि हे समजल्यापासून ती भावाशी फार हळू बोलते.

शस्त्रक्रिया उत्तरायण झाल्यावर आहे. पतंगाच्या वेळी त्याला गच्चीवर येऊ द्यावं का?

दम_धरा

ताई, आईंना सांगा, यात त्यांचा दोष नाही. माझं माझ्या वडिलांकडून आलं, आणि माझ्या मुलीत माझ्याकडून गेलं आहे. तिला लहानपणीच कळलं म्हणून ती सुरक्षित आहे.

गच्चीवर येऊ द्या. बसून फिरकी धरू दे, पाणी जवळ ठेवा, पतंगामागे धावणं आणि भांडणं मात्र बंद. उंधियूही थोडाच.

हृदयस्थ

सहमत. आईंचा १४ म्हणजे नातेवाइकांत १३ च्या वरचा आकडा दखल घेण्यासारखा, त्यांनीही हृदयतज्ज्ञांकडे नोंद करून ठेवावी, आणि दर काही वर्षांनी एको. मुलाचा मात्र आत्ता स्वच्छ म्हणून सोडू नका. वाढत्या वयात पडदा जाड होऊ शकतो, दर एक-दोन वर्षांनी एको करत राहा. भावाची जनुक तपासणी करून घेतली तर मुलाचं आधीच कळू शकेल, जनुक सापडलं नाही तर एकोच चालू ठेवायचा.

परिचारिका_मांजलपूर

ऑपरेशनआधी रक्तदाते हाताशी ठेवा, दवाखाना किती बाटल्या सांगतो ते विचारा. घरी पुढून उघडणारे सैल शर्ट काढून ठेवा, डोक्यावरून घालायचे कपडे बरेच दिवस जमत नाहीत. दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, मुलालाही कडेवर घ्यायचं नाही, त्याला आधीच समजावून सांगा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली तुमच्याकडे ठेवा.

खंडेराव

ताई, रक्तदात्यांत माझं नाव घाला. बी पॉझिटिव्ह, खंडेराव मार्केटच्या मागेच राहतो, तारीख कळवा.

गोळीबंद

ओ पॉझिटिव्ह. मला हा आजार असल्यामुळे माझं रक्त चालणार नाही, पण दोन्ही मुलं देतील. त्यांचे एको गेल्या आठवड्यात करून घेतले.